गावाकडच्या घरात इंटरनेट: 'स्पीड किती?' हा शेवटचा प्रश्न

आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण फोनवर ऐकत असाल तर काही लिहून घ्यायची गरज नाही. आकडे थोडेच आहेत आणि जे आहेत ते कामाचे आहेत.

विषय असा की, गावातल्या घरात धड इंटरनेट कसं आणायचं. 'धड' म्हणजे रात्री साडेअकराला रिल बघता येईल एवढं नव्हे. धड म्हणजे सकाळी दहाला मीटिंग आहे, बाहेर पाऊस कोसळतोय, लाईट गेलीये, आणि तरी समोरच्याला आपला आवाज नीट जातोय.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, बीटेक कॉम्प्युटर. पाच-सहा वर्षं पुण्यात काढली. घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीतली एक वाडी. बाबांना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. घरात आई एकटी. बाबांना उठवायचं, बसवायचं, व्यायाम करून घ्यायचा, हे एका माणसाचं काम नाही. मी कंपनीत विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं: तीन महिने घरून करून बघ, तुझी ऑन-कॉलची पाळी असताना तू गायब झालास तर मात्र परत यावं लागेल. यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण म्हणजे बाबांना सकाळी कोण उठवणार हे वाडीत नेट टिकतं की नाही यावर ठरणार होतं.

आता आपल्यापैकी बहुतेक जण काय करतात? 'कोणती कंपनी चांगली? किती एमबीपीएस देतात?' इथून सुरुवात. शहरात ते ठीक आहे. गावात मी तुम्हाला तीन वेगळे प्रश्न देतो. तुटलं तर दुरुस्त करायला कोण येणार आणि कुठून येणार? लाईट गेली की काय होणार? आणि पहिली लाईन बंद पडली तर दुसरी कोणती? या तिघांची उत्तरं मिळाली की मग स्पीड विचारा. कारण खरं सांगू का, व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. सरकारी व्याख्येत तर ब्रॉडबँड म्हणजे २०२३ पासून किमान २ एमबीपीएस, त्याआधी ५१२ केबीपीएस होतं. २ एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणणं मला थोडं विनोदीच वाटतं. पण न तुटणारे १० एमबीपीएस मला रोज द्या, मी तुमच्या तुटणाऱ्या ३०० ला हात लावणार नाही.

पहिला टप्पा मोबाइलचा, कारण तो आजच्या आज करता येतो.

फोनवर दिसणाऱ्या दांड्या विसरा. प्रत्येक फोन त्या आपल्या मनाने दाखवतो. सिग्नल मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या आणि त्यात आरएसआरपी नावाचा आकडा बघा. तो उणे असतो. उणे ८०-८५ म्हणजे झकास, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११५ च्या खाली गेला की देवाचं नाव घ्या. आमच्या माजघरात उणे ११८ यायचा. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, उन्हाळ्यात थंडगार, पण सिग्नलला तितक्याच जड. पडवीत उणे १०९. शिडी लावून छपराच्या आढ्यापाशी गेलो तर उणे ९७. एकाच घरात वीसचा फरक! डेसिबलमध्ये दहाचा फरक म्हणजे ताकद दहापट, वीसचा म्हणजे शंभरपट. म्हणून महागडं मॉडेल घेण्याआधी घरभर, गच्चीवर, परसात, विहिरीपाशी फिरून हा आकडा बघा. दोन-तीन कंपन्यांची सिम घेऊन फिरा. शेजाऱ्यांची मागितली तरी चालतात.

सिम घालायचा राउटर छपराखालीच बसवायचा, बाहेरचा मिळाला तर उत्तम, आणि तिथून नेटवर्कची केबल खाली आणायची. पुष्कळ जण उलटं करतात. राउटर खाली टेबलावर, अँटेना वर, आणि मध्ये वीस मीटर बारीक अँटेना-वायर. अँटेनाने जे कमावलं ते वायर खाऊन टाकते. नेटवर्क केबल शंभर मीटरपर्यंत काही खात नाही आणि तिच्यातूनच राउटरला वीजही देता येते.

एक सावधगिरीची गोष्ट. ऑनलाइन 'सिग्नल बूस्टर' मिळतात, दोन-तीन हजारांत. ते घेऊ नका. परवानगीशिवाय असा बूस्टर लावणं भारतात बेकायदेशीर आहे, आणि तुमच्या घरात रेंज आली तरी तो टॉवरवर गोंधळ घालून आजूबाजूच्या चार वाड्यांची घालवू शकतो. राउटरला दिशादर्शक अँटेना लावणं वेगळं, त्यात काही गैर नाही.

पण सिग्नल चांगला म्हणजे नेट चांगलं असं होत नाही. टॉवरवर एकूण जागा ठरलेली असते आणि ती सगळ्यांत वाटली जाते. कोकणातल्या कोणालाही विचारा, गणपतीत काय होतं. मुंबईहून चाकरमानी आले की गावची माणसं तिप्पट, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि आरतीचा व्हिडिओ सगळ्यांना आत्ताच पाठवायचाय. दांड्या पाचच्या पाच, आणि मेसेजवर ते गोल घड्याळ. मे महिन्यात तेच, शिमग्याला तेच. म्हणून सिमवरचं नेट मी दुसरी लाईन म्हणून धरतो. पहिली म्हणून ठेवायची असेल तर आठवडाभर रात्री नऊला मोजा, सकाळी सहाला नाही.

५जीवरचं एअरफायबर २०२३ मध्ये आलं. टॉवर समोर दिसत असेल तर ते छान चालतं. आमच्यासमोर डोंगर दिसतो, त्यामुळे विषय संपला.

सॅटेलाइटचंही थोडक्यात. जुने सॅटेलाइट जवळपास ३६ हजार किलोमीटरवर असतात, तिथून बोलणं पोचून उत्तर परत यायलाच अर्धा सेकंद लागतो. कॉलवर तुम्ही 'हॅलो' म्हणेपर्यंत समोरचा पुढचं वाक्य सुरू करतो. नवीन खालच्या कक्षेतले साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, तिथे हा त्रास नाही. स्टारलिंकला भारतात २०२५ मध्ये लायसन्स मिळालं. ज्या घरापर्यंत खरोखरच काही पोचू शकत नाही त्यांच्यासाठी तो मार्ग आहे. पण पाचशे मीटरवर फायबर असताना आकाशाकडे बघत बसू नका.

आता फायबर. इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

भारतनेट तुम्ही ऐकलं असेल. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ही योजना वेगळ्या नावाने मंजूर झाली, २०१५ मध्ये भारतनेट नाव मिळालं. हेतू असा की देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम 'महानेट' नावाने राज्य सरकारने केलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. आकडा मोठा आहे. पण 'ग्रामपंचायत' हा शब्द नीट ऐका. देशावर गाव म्हणजे एक गावठाण, घराला घर लागून. पंचायतीपर्यंत फायबर आलं म्हणजे गावात आलं. कोकणात एका ग्रामपंचायतीत सात-आठ वाड्या, मध्ये पऱ्ह्या, डोंगर, काजूची कलमं. पंचायतीपासून आमची वाडी अडीच किलोमीटर. नकाशावर गाव जोडलेलं, आणि तरी घरी नेट नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. शेवटचा तुकडा कोणीतरी स्थानिक माणूसच टाकतो. बहुतेक ठिकाणी तो जुना केबल टीव्हीवालाच असतो.

म्हणून पहिलं काम: गावातून जाता-येता विजेच्या खांबांवर बघा. काळी बारीक केबल आणि मध्येच गुंडाळी करून टांगलेली दिसली की समजा फायबर आहे. मग ती कोणाची हे चहाच्या टपरीवर विचारा. वेबसाइटवर पिनकोड टाकून 'सेवा उपलब्ध नाही' असं आलं तरी खचू नका, वेबसाइटला खांब दिसत नसतात.

आमच्याकडे शेवटची गुंडाळी वाडीपासून साडेआठशे मीटरवर होती. त्या केबलवाल्या दादाला फोन केला. तो म्हणाला, "एका घरासाठी साडेआठशे मीटर ओढून मला काय मिळणार, तूच सांग. दहा घरं दे, परवापासून काम चालू करतो."

त्याचं गणित बरोबर होतं. मग मी वाडीची बैठक मागितली. रात्री सहाणेवर सगळे जमले. आमच्या वाडीत एकवीस घरं, त्यातली आठ वर्षातले दहा महिने बंद असतात. एक आजोबा उठूनच म्हणाले, "लायटीचा पत्त्या नाय नि ह्यो नेट आणतोय!" सगळे हसले. मीपण हसलो, पण त्यांचा मुद्दा अगदी बरोबर होता, त्याच्याकडे येतो.

गंमत म्हणजे पैसे बंद घरांतून आले. वाडीचं मुंबई मंडळ असतं ना, दर महिन्याला वर्गणी, सत्यनारायण, क्रिकेटच्या मॅचेस, त्यांना मी व्हिडिओ कॉल केला. त्यांना बंद घरावर कॅमेरा हवा होता, आणि गणपतीत दोन दिवस जास्त राहून इथूनच काम करता आलं तर हवंच होतं. तीन कनेक्शन्स तिथून आली. वाडीतून आठ. एक वहिनी काजूगर आणि कोकम सरबत विकतात, ऑर्डरी फोनवर घेतात आणि फोटो पाठवायला टेकडीवर जायच्या. लॉकडाऊनमध्ये मुलंही अभ्यासाला त्याच टेकडीवर बसायची, ते कोणी विसरलेलं नाही. एकूण अकरा झाली.

वाट ठरवणं मात्र नेटवर्किंगपेक्षा नात्यागोत्याचं काम निघालं. सरळ रेषेत गेलं तर केबल एका काकूंच्या आगरावरून जात होती. त्या म्हणाल्या, "वांदर आधीच नारळ ठेवत नाहीत, त्यांना झोपाळा कशाला बांधून देतोस?" खरंच आहे, माकडं केबलवरून झुलतात. मग रस्त्याच्या कडेने वळसा घेतला, सव्वाशे मीटर वाढले. मला विचाराल तर रस्त्याकडेचीच वाट घ्या. पावसात मध्यरात्री केबल तुटली तर ती शोधायला टॉर्च घेऊन कोणाच्या बागेत शिरणार?

पैसे द्यायच्या आधी दादाशी आम्ही काही गोष्टी बोलून घेतल्या. केबल चार तारांची टाकायची, वापरायची एक, बाकीच्या राखीव. दर चार-पाच खांबांमागे पंधरा-वीस मीटरची गुंडाळी सोडायची, म्हणजे तुटल्यावर ओढून जोडता येते, नाहीतर मध्ये तुकडा घालावा लागतो आणि एकाच्या जागी दोन जोड होतात. शंभर मीटरचं एक बंडल वाडीतच ठेवायचं. आणि समाजमंदिराच्या भिंतीवर पेटी बसवून तिथून घरोघरी फाटे काढायचे.

फाट्यांबद्दल थोडं. घराघरांत जे फायबर येतं त्यात एकाच काचेच्या तारेतला उजेड वाटून दिलेला असतो. वाटणाऱ्या डबीला स्प्लिटर म्हणतात. सोळा वाटे केले की साधारण १४ डेसिबल गेले. काचेच्या तारेत मात्र दहा किलोमीटरला तीन-साडेतीनच जातात. म्हणजे अंतरापेक्षा वाटे, जोड आणि मुडपलेली केबल हेच जास्त खातात. घरच्या फायबरच्या डबीचं पान उघडलंत, बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून उघडतं, तर तिथे आरएक्स पॉवर दिसते. नेहमीच्या उपकरणांना उणे २७ पर्यंत ऐकू येतं, त्याखाली लाल दिवा. उणे २७ म्हणजे दोन मायक्रोवॅट, एवढ्याशा उजेडावर तुमची सगळी मीटिंग. कनेक्शन घेतल्या दिवशी हा आकडा लिहून ठेवा. आमचा उणे २१.५.

याचा उपयोग काय? 'नेट चालत नाही' असं सांगितलं की उत्तर येतं, 'राउटर बंद करून चालू करा.' पण 'दादा, कालपर्यंत साडेएकवीस होती, आज सकाळपासून पंचवीस झाली आणि वाडीत सगळ्यांची झाली' असं म्हटलंत की तो लगेच म्हणतो, 'पेटीच्या अलीकडे कुठेतरी जोड गेला.' एकट्या तुमचीच पडली असेल तर दोष पेटीच्या पलीकडे, तुमच्या फाट्यावर. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तो तुमच्याकडे आधी येतो. आमच्या वाडीत आता शाळेतली पोरंसुद्धा 'पॉवर किती आली?' विचारतात.

केबल कशाकशाने तुटते ही यादी शहरातल्या माणसाला खोटी वाटेल. फांदी पडून. माकडांनी. जेसीबीने, कारण रस्ता रुंद करताना खांबच हलतो. आणि उन्हाळ्यात भाजावळीने! भात पेरण्याआधी जमीन भाजतात, त्या जाळात खाली लोंबणारी केबल वितळते. आमची पहिल्याच उन्हाळ्यात दोनदा गेली. आता भाजावळीच्या आदल्या दिवशी वाडीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, दोघं जाऊन केबल बांबूने उचलून बांधतात.

बरं, आजोबांचा लाईटचा मुद्दा. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तशा वेळेला कोणताच उपाय नाही, आणि तेव्हा नेटपेक्षा कौलं आणि पाणी महत्त्वाचं असतं. पण रोजचे दोन-चार तास? ते सोडवता येतात आणि स्वस्तात.

फायबरची डबी आणि वायफाय राउटर मिळून पंधरा वॅटच्या आसपास खातात, आणि दोघं बहुतेक वेळा १२ व्होल्टवर चालतात. त्यासाठी घरभराचा इन्व्हर्टर लागत नाही. राउटरसाठीचे छोटे डीसी यूपीएस मिळतात. फक्त बॅटरी किती वॅट-तासांची ते बघा आणि पंधराने भागा. साठ असेल तर कागदावर चार तास, प्रत्यक्षात तीन-सव्वातीन. खोक्यावर 'आठ तास बॅकअप' लिहिलेलं असतं, ते वाचून सोडून द्या. माझा लॅपटॉप चार तास, यूपीएस तीन तास, त्यानंतर सिमचा राउटर एका पॉवर बँकेवर. असं करत सकाळचं जेवणापर्यंतचं काम निघतं.

आणि हे लोक विसरतात: तुमच्याकडे बॅटरी आहे, पण केबलवाल्याच्या ऑफिसात? त्याची मशीन बंद पडली तर तुमचा लाल दिवा अगदी भरल्या बॅटरीवर छान पेटलेला राहील. कनेक्शन घेण्याआधी विचारा, 'तुमच्याकडे लाईट गेल्यावर किती वेळ चालतं?' आमच्या दादाकडे दीड तास होतं. अकरा घरांनी तीन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले आणि त्यातून त्याने दुसरी बॅटरी घेतली. मला वाटतं आम्ही केलेला सगळ्यात शहाणपणाचा खर्च तोच. माझ्या घराच्या वाट्याला केबल, डबी, यूपीएस सगळं धरून साडेआठ हजार आले, आगाऊ धरून. पुण्यातलं एक महिन्याचं भाडं यापेक्षा जास्त होतं.

विजांबद्दल एक वाक्य. वळीव आणि परतीच्या पावसात छपरावरच्या राउटरची नेटवर्क केबल काढून ठेवा. फायबरमध्ये काच असते, पण बाहेरच्या काही केबलींत आधाराला स्टीलची तार असते. ती घराबाहेरच कापून थांबवायला सांगा, डबीपर्यंत आणू देऊ नका.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एवढंच, की जड काम घरच्या लाईनवर करू नका. माझं सगळं बिल्ड दूरच्या सर्व्हरवर होतं, मी इथून फक्त टाइप करतो. लाईन सिमवर पडली तरी टर्मिनल तुटत नाही. दोन लाईनी आपोआप बदलणारा राउटर घ्या, म्हणजे मीटिंगमध्ये 'दोन मिनिटं हं' म्हणायची वेळ येत नाही.

तीन महिन्यांचं काय झालं? त्यात ऑगस्ट होता. फायबर चार वेळा तुटलं, सगळ्यात जास्त एकवीस तास. ऑन-कॉलच्या पाळ्या तीन आल्या, तीनही सिमवर आणि फायबरवर मिळून निभावल्या. एका पाळीला रात्री दोन वाजता अलार्म वाजला तेव्हा वाडीत लाईट नव्हती, आणि सर्व्हर माझ्या आधी पुण्यातल्या कोणी उघडला नव्हता. मॅनेजरने मुदतीचा विषय पुन्हा काढला नाही. बाबा आता काठी घेऊन पडवीपर्यंत येतात. मीटिंग चालू असताना मागून जातात, त्यामुळे टीममध्ये सगळे त्यांना ओळखतात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. जोड मारायचं मशीन आणि ते चालवणारा माणूस, दोन्ही दापोलीत. भर पावसात त्याला पोचायला अर्धा दिवस जातो, आणि त्याच्याकडे आमच्यासारख्या तीस वाड्या. म्हणून वाडीतला एक आयटीआय झालेला मुलगा गेले दोन महिने दादाबरोबर फिरतोय, जोड मारायला शिकतोय. परवा त्याने पहिला जोड स्वतः मारला. आमची पॉवर उणे २१.५ ची २१.८ झाली. दादाने त्याला पुन्हा मारायला लावला.

तुमच्या गावात काय अडतंय ते मला पाठवा. सोबत आरएसआरपीचा आकडा द्या, आणि तो घरात कुठे उभं राहून घेतला तेही. पुढच्या भागात त्यातलीच काही घरं घेऊ. भेटू.